डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरे कशी वाचावीत?

पत्र:

"आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो. माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या असून त्यांना 14 वर्षांपासून मधुमेह आहे. थायरॉईडची गोळी त्याच्याही आधीपासून सुरू आहे. गेल्या पाच महिन्यांत त्यांचे एचबीएवनसी (रक्तातील साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) 7.4 वरून 9.6 वर गेले आणि जेवण नेहमीसारखे असूनही वजन सहा किलोंनी उतरले. कधीकधी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटतो. साखरेसाठी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. सहा-सात महिन्यांपूर्वी नात्यातल्या लग्नासाठी नाशिकला गेलो असताना तिथल्या एका डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी 75 मायक्रोग्रॅमवरून 125 केली, तीच चालू आहे. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, आता एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे ग्रंथी आणि हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञांना दाखवा. चौकशी केल्यावर तीन नावे हाती आली. पहिल्यांच्या पाटीवर एम.डी. मेडिसिन, डी.एम. एंडोक्रायनॉलॉजी एवढेच आहे, पण ते वयाने तरुण आहेत. दुसऱ्यांकडे अर्धी कॉलनी जाते. त्यांच्या नावापुढे एम.डी., एफ.आर.सी.पी., आर.एस.एस.डी.आय. आणि 'डायबेटॉलॉजिस्ट' असे लिहिले आहे. तिसऱ्यांच्या पाटीवर सर्वांत जास्त अक्षरे आहेत, ते एम.बी.बी.एस. असून स्वतःला 'हार्मोन तज्ज्ञ' म्हणवतात आणि 90 दिवसांत मधुमेह मुळापासून घालवण्याचे त्यांचे पॅकेज आहे. धाकटे दीर म्हणतात, सरळ पुण्याला आणा. डॉक्टरांची पात्रता आम्ही कशी पारखावी?"

— एक सून, इंदूर

उत्तर:

ताई, तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी योग्य वेळी योग्य सल्ला दिला आहे, आणि तो त्यांनी स्वतःहून दिला ही गोष्ट त्यांच्याविषयी पुष्कळ काही सांगते. डॉक्टरांच्या पात्रतेविषयी सविस्तर लिहितेच; पण ही चौकशी महिनाभर लांबवू नका. चौदा वर्षांचा मधुमेह असलेल्या वयस्कर व्यक्तीचे वजन प्रयत्नाविना उतरावे आणि त्याच वेळी साखर चढावी, याला "पथ्य पाळले नसेल" एवढे उत्तर पुरत नाही. त्याचे कारण शोधावेच लागते.

पाटीवरची अक्षरे वाचायची म्हणजे त्यामागे किती वर्षांचे आणि कोणत्या कामाचे प्रशिक्षण आहे, ते वाचायचे. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचे आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन तीन वर्षांचे एम.डी. मेडिसिन, या काळात डॉक्टर वॉर्डात राहून हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसे, ताप, मधुमेह असे प्रौढांचे सगळेच आजार हाताळतो. त्यानंतर पुन्हा एक अखिल भारतीय परीक्षा, नीट-एसएस, आणि तीन वर्षांचे डी.एम. एंडोक्रायनॉलॉजी. या अभ्यासक्रमाला प्रामुख्याने मेडिसिन किंवा बालरोग या विषयात एम.डी. झालेले डॉक्टर जातात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून हेच शिक्षण घेतले तर डी.एम.ऐवजी डी.एन.बी. एंडोक्रायनॉलॉजी आणि अलीकडच्या वर्षांत डीआरएनबी अशी अक्षरे दिसतात; ती पाहून कमी दर्जाची पदवी असे समजू नका. हिशेब केला तर वाटेत एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षे होतात. तेव्हा तुम्हाला ज्यांची पाटी सर्वांत रिकामी वाटली, त्यांच्या दोनच पदव्यांमागे सर्वांत लांब आणि या विषयाला सर्वांत थेट भिडणारे प्रशिक्षण आहे. त्यांचे तरुण असणे हा माझ्या मते दोष नाही. डी.एम.च्या तीन वर्षांत मोठ्या रुग्णालयात पिट्युटरी, अ‍ॅड्रिनल, पॅराथायरॉईड या ग्रंथींचे जे रुग्ण पाहायला मिळतात, ते एरवीच्या खासगी दवाखान्यात वर्षानुवर्षे दिसत नाहीत. चेहरा आणि पोट सुटत चाललेल्या बाईला कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होणे) आहे, की ती केवळ स्थूल आहे. हातापायांची बोटे जाड होत गेलेल्या माणसाला वाढीचे हार्मोन जास्त झाल्याने होणारी अ‍ॅक्रोमेगाली आहे का. पंचविशीतल्या मुलाची साखर टाइप 1 ची, टाइप 2 ची, की स्वादुपिंडात खडे होऊन आलेली, हे ओळखण्याची नजर अशा ठिकाणी तयार होते. म्हणून डी.एम. कुठून केले हेही विचारावे. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पी.जी.आय., लखनौचे एस.जी.पी.जी.आय., वेल्लोरचे सी.एम.सी., मुंबईचे के.ई.एम. ही नावे या विषयात जुनी आणि भरवशाची आहेत. मात्र दुसऱ्या संस्थेतून शिकलेला डॉक्टर कमी प्रतीचा, असा अर्थ त्यातून काढू नये.

दुसऱ्या डॉक्टरांविषयी लिहिताना मला अधिक जपून लिहायला हवे, कारण तुमच्या कॉलनीतल्या लोकांचा विश्वास त्यांनी काम करूनच मिळवला असणार. एम.डी. मेडिसिन ही भक्कम पदवी आहे. आय.सी.एम.आर.-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचे सांगतात. एवढ्या लोकांना डी.एम. झालेले डॉक्टर पुरणे शक्यच नाही, आणि तशी गरजही नाही. साध्या, स्थिर टाइप 2 मधुमेहाची वर्षानुवर्षे निगुतीने काळजी घेणारा एम.डी. फिजिशियन मिळाला तर त्याला सोडून केवळ मोठ्या पदवीच्या मागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यांच्या नावापुढची बाकीची अक्षरे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे माहीत असावे. एफ.आर.सी.पी. हा ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांचा सन्मान आहे. तो परीक्षा देऊन मिळत नाही, आधीच्या फेलोंच्या शिफारशीने मिळतो. परीक्षा असते ती एम.आर.सी.पी.ची, तीन टप्प्यांची आणि कठीण. परंतु तीही सर्वसाधारण मेडिसिनची, एंडोक्रायनॉलॉजीची नव्हे. आर.एस.एस.डी.आय. ही मधुमेहावर काम करणारी भारतातली मोठी, जुनी संस्था आहे. तिचे सभासद असणे म्हणजे परिषदांना जाणे, नवे वाचत राहणे, आणि ते चांगलेच. पण सभासदत्व म्हणजे पदवी नव्हे. 'डायबेटॉलॉजिस्ट' या शब्दावरून तर एकट्याने काहीच ठरवता येत नाही. तीस वर्षे मधुमेहाचेच रुग्ण पाहिलेला एम.डी. तो लावतो, आणि काही महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला एम.बी.बी.एस.ही लावतो. अशा वेळी त्याच्या आधी कोणती पदवी लिहिली आहे ते पाहायचे.

तिसऱ्या पाटीवरची अक्षरे तुम्ही पत्रात एकेक करून उतरवलेली नाहीत, म्हणून सर्वसाधारण लिहिते. लांबलचक ओळीत बहुधा पी.जी. डिप्लोमा, फेलोशिप, सी.सी.ई.बी.डी.एम. अशी नावे असतात. यातला शेवटचा अभ्यासक्रम मी मुद्दाम घेते, कारण तो चांगला आहे. प्राथमिक पातळीवर काम करणाऱ्या डॉक्टरांना मधुमेहाचे शास्त्रशुद्ध उपचार शिकवण्यासाठी तो आखलेला आहे, वर्षभराचा आहे आणि त्याचा वर्ग साधारण महिन्यातून एकदा भरतो. तुमच्या फॅमिली डॉक्टरांसारख्या माणसाने तो केला तर त्यांच्या रुग्णांचे भलेच होईल. मात्र त्याच्या बळावर कोणी ग्रंथींच्या सगळ्या आजारांचा तज्ज्ञ होत नाही. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की एखाद्या शाखेतली विशेष पात्रता नसताना डॉक्टरने आपण त्या शाखेचे तज्ज्ञ आहोत असा दावा करू नये, आणि नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या किंवा व्यावसायिक ज्ञानाची खरी निदर्शक असलेली प्रमाणपत्रे, सभासदत्वे व सन्मान एवढेच लावावेत. ही तरतूद रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे आणि तिच्या आधारे प्रश्न विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

आणि ते पॅकेज. मधुमेह काही काळ माघार घेऊ शकतो, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. त्यात दिवसाला सुमारे 850 कॅलरींचा आहार काही महिने देऊन वजन उतरवलेल्या गटातील 46 टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण त्या चाचणीत घेतलेले रुग्ण जास्त वजनाचे होते, त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि ते इन्सुलिनवर नव्हते. तुमच्या सासूबाईंचा आजार चौदा वर्षांचा आहे आणि वजन कारण न कळता आधीच उतरते आहे. अशा बाईंना कोणी उपासमारीचा आहार देऊ लागला तर त्यांचे नुकसान होईल. त्या दारात जाऊ नका, हे मी निःशंकपणे सांगते.

आता पडताळणीबद्दल. वर सांगितलेल्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, आणि तो प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रांवर व पैशांच्या पावतीवरही छापायचा असतो. मध्य प्रदेशात ही नोंदणी भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे होते. एखाद्या शेजाऱ्याकडून त्या डॉक्टरांचे जुने प्रिस्क्रिप्शन मागून घ्या आणि वरचा छापील भाग नीट पाहा: नावाखाली पदव्या, त्यांच्याखाली किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक, कधी दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलचा. तो क्रमांक आणि नाव घेऊन राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरील भारतीय वैद्यक नोंदवहीत शोधता येते. हा आयोग 2020 च्या सप्टेंबरपासून जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी काम करतो. एम.डी. किंवा डी.एम. झाल्यावर ती जादा पात्रताही कौन्सिलकडे नोंदवायची असते. नोंदवहीत एखाद्याची पुढची पदवी दिसली नाही तर लगेच संशय घेऊ नका, कारण नोंद मागे राहिलेली असू शकते, अशा वेळी दवाखान्यात फोन करून "सरांनी डी.एम. कुठून आणि कोणत्या साली केले?" एवढे सरळ विचारावे. ज्याने ते केले आहे त्याच्याकडून उत्तर चटकन मिळते.

एवढे झाल्यावर पदव्यांचा विषय संपवावा आणि पहिल्या भेटीत डॉक्टर काय करतात ते बारकाईने पाहावे. मधुमेहाचा कसलेला डॉक्टर फक्त रिपोर्ट वाचून गोळी बदलत नाही. तो चप्पल-मोजे काढायला सांगतो, तळव्याची भेगाळलेली कातडी, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा पाहतो, घोट्याजवळची नाडी चाचपतो, आणि मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा बारीक तंतू अंगठ्याला व तळव्याला टेकवून विचारतो, "आजी, डोळे मिटा, लागले की 'हो' म्हणा." दहा ग्रॅमच्या दाबाने तो तंतू वाकतो, एवढा स्पर्शही कळत नसेल तर पायाला नकळत जखम होण्याचा धोका असतो. ही तपासणी दोन-चार मिनिटांची आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही, आणि घाईच्या दवाखान्यात सर्वांत आधी तीच सुटते. याशिवाय बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन, शिवाय रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची वर्षातून एकदा तरी नोंद आहे का, हे तो विचारतो. तो सगळ्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर ठेवायला सांगतो. गुडघ्यांसाठी कोणी इंजेक्शन दिले का, सांधेदुखीसाठी कुणाकडून पुड्या आणल्या का, तेही विचारतो, कारण स्टेरॉइडमुळे साखर चढते आणि अशा पुड्यांमध्ये कधीकधी न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असते. तुमच्या घरात असे काही चालू असेल तर संकोच न करता सांगा. मात्र ते अचानक बंदही करू नका, कारण बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे ठरू शकते.

तुमच्या प्रकरणात मी पहिल्या डॉक्टरांकडेच जा असे म्हणते, त्याला त्यांच्या पदवीपेक्षा सासूबाईंची सध्याची स्थिती अधिक कारण आहे. त्यांची अडचण एका ग्रंथीत मावणारी दिसत नाही. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा तपासायचे असते. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. 75 वरून एकदम 125 ही वाढ थोडी नव्हे. गरजेपेक्षा जास्त थायरॉईड हार्मोन शरीरात राहिले तर वजन उतरते, घाम येतो, छाती धडधडते आणि साखरही आवरेनाशी होते. पहाटेच्या घामाचे दुसरे कारण ग्लिमेपिराइडमुळे साखर खाली जाणे हे असू शकते, विशेषतः रात्रीचे जेवण थोडे झाले असेल तर. एचबीएवनसी 9.6 आहे म्हणजे साखर कधी खाली जातच नसेल, असे धरून चालू नका. ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे आणि सरासरीत पहाटेची घसरण दिसत नाही. रक्तात लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्तही दिसते, म्हणून हिमोग्लोबिन पाहावे. यातले काहीच न निघाले तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सांगतील, कारण उतारवयात साखर अचानक बिघडणे आणि वजन घटणे असे दोन्ही एकत्र आले तर स्वादुपिंड पाहून घेण्याची पद्धत आहे. त्या तपासणीचे नाव ऐकून घरात घबराट होऊ देऊ नका, आणि ती टाळूही नका. हे सगळे धागे एकत्र धरून विचार करणे, हेच एंडोक्रायनॉलॉजिस्टचे काम आहे.

तुमच्या दिरांची काळजी मनापासूनची आहे, पण या कारणासाठी पुण्याला नेण्याची गरज मला दिसत नाही. इंदूरमध्ये डी.एम. झालेले एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहेत. मधुमेहाच्या उपचारात डोस दर काही आठवड्यांनी थोडाथोडा बदलावा लागतो, आणि 67 वर्षांच्या बाईंनी त्यासाठी दर खेपेला रात्रभराचा प्रवास करणे योग्य नाही. पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेसारखा प्रसंग आला तर मोठ्या केंद्राचा विचार करावा, आणि तो तुमचे इथले डॉक्टरच सुचवतील. दिरांना भेटीच्या दिवशी फोनवर सामील करून घ्या. त्यांचे प्रश्न थेट डॉक्टरांना विचारले गेले म्हणजे घरातला वाद मिटेल.

आणखी एक विनंती. मोठ्या डॉक्टरांकडे गेलात म्हणून फॅमिली डॉक्टरांना सोडू नका. त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन जा आणि परतताना नवी औषधयोजना त्यांना दाखवा. अडीअडचणीला, रात्री-बेरात्री, घरी येणारे तेच आहेत, आणि सासूबाईंचे चौदा वर्षांचे चढउतार त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाहीत. साखर पुन्हा स्थिर झाल्यावर एंडोक्रायनॉलॉजिस्टना काही महिन्यांच्या अंतराने दाखवून रोजची देखरेख फॅमिली डॉक्टरांकडे ठेवता येईल. त्या वेळी तुमच्या कॉलनीतल्या एम.डी. डॉक्टरांकडे जायचे ठरले तरी माझी हरकत नाही.

भेटीला जाताना गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा, नाशिकचे प्रिस्क्रिप्शन सोबत घ्या, आणि तीन दिवसांच्या साखरेच्या नोंदी करा: सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, आणि पहाटे तीनच्या सुमारास. ग्लुकोमीटर सासूबाईंच्या उशाशी ठेवा. घाम फुटेल तेव्हा आधी साखर तपासा. 70 च्या खाली निघाली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्या. त्या अर्धवट शुद्धीत असतील तर तोंडात काही न घालता ताबडतोब रुग्णालयात न्या. साखर खाली गेल्याचे एकदा जरी आढळले तरी ग्लिमेपिराइडचा पुढचा डोस देण्यापूर्वी त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांना विचारा. एंडोक्रायनॉलॉजिस्टची वेळ आठ-दहा दिवसांनंतरची मिळाली तर तोवर थांबून राहू नका; टीएसएच, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्या फॅमिली डॉक्टरांकडून लिहून घेऊन याच आठवड्यात करून टाका, म्हणजे पहिल्याच भेटीत निर्णय होऊ शकेल.